तलाठ्याचं तांबडं शेपूट

११ सप्टें., गुरू.

बान मी फिरवले. वाट दावायचे रंगाचे बान. हितं लिवून ठेवतो, कारन तोंडानं कुनाला सांगता येनार न्हाई नि पोटात ठेवलं तर हसून हसून पोट फुटंल.

तीन बान. एक उंटाच्या मानंवर (उंट म्हंजी उंटासारखा दिसनारा कातळ), एक वाटंतल्या आडव्या धोंडीवर, नि तिसरा, मेन, सुनेच्या दगडावर. सासू-सून म्हंजी बंधाऱ्याच्या वर फॉरेस्टात दोन उभे कातळ हायेत, एकमेकीकडं पाठ करून. तितं वाट फुटती. डावीकडं पठार. वारा, फुलं, फोटो. उजवीकडं ढोरखिंड. पूर्वी गावातलं मेलेलं जनावर तितं टाकायचे. आता कुनी टाकत न्हाई, पन हाडकं हायेत अजून. पुढं वाट बंद. सरळ कडा.

पुन्यावाल्यांचे बान डावीकडं हुते. मी त्यावर ट्रॅक्टरचं जळकं ऑईल नि चुलीतली राख फासली. दगडाचा दगड झाला. मंग उजवीकडं तांबडे नवे बान काढले. त्यांच्यापेक्षा झ्याक आले. रविवारी आख्खा ग्रुप हाडकांत जाऊन उभा राहील. बसा फोटो काढत.

रंग नाना धनगराचा. मेंढरं वळखू यावी म्हून तो त्यांच्या ढुंगनावर तांबडा पट्टा वढतो. डबा खोपीच्या मागं आसतो. नाना मेंढरं घेऊन गेल्ता. फुटका मग भरून घेतला.

का केलं ते बी लिवतो. टोपीवाला. हितनं पुढं टो. पुन्याच्या ग्रुपचा लीडर. जुलैपासनं दर रविवारी मानसं आनतो. पयले चार रविवार वाट म्या दावली. पाय कुटं ठिवायचा, कुठला दगड हालतो, कुटं आग्या मोहळ हाय, समदं. हा मागनं मागनं बान काढत यायचा. मला वाटलं शोभेला काढतोय. पाचव्या रविवारी म्हनला, "थँक्यू दादा, आता मार्किंग झालंय. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

तरी चालेल. माज्या फॉरेस्टात मी न्हाई आलो तरी चालंल!

आनि बान कुटं काढावा? सुनेच्या तोंडावर. नागपंचमीला बाया तितं हळदकुकू लावत्यात. त्या हळदीवर बान. अन्नाला सांगितलं तर बाप माजा म्हनतो, "तुला काय करायचंय? दगडाला काय कळतंय?"

दगडाला न्हाई कळत. मला कळतंय.

तलाठी संगं हुता. माजं कुत्रं. नाव तलाठी ठिवलं, कारन जागेवर कवाच सापडत न्हाई. मी रंग लावतोय नि हा शेपूट हालवत मागं उभा. ओल्या बानाला शेपूट घासलं, टोक लालभडक. म्हनलं, तू बी सही केली का रं?

१२ सप्टें., शुक्र.

डायरी बियान्याच्या दुकानाची हाय, फुकट, मागच्या सालची. वार खोडून लिवावं लागतंय. ह्या पानावर छापलंय, 'कांदा रोपवाटिकेत पाणी साचू देऊ नये'. बरं.

सकाळी बान वाळले का बगायला गेल्तो. तलाठी म्होरं. त्याची चाल मला लई आवडती. पन्नास पावलं पळनार, मागं वळून बगनार, मी येतोय कळलं का पुन्ना पळनार. उंटाच्या पोटाखालनं वाट हाय, वाकून जावं लागतं. तो न वाकता जातो नि तिकडच्या तोंडाला बसून माजी मजा बगतो. धोंडीवर चढला, मुतला. बानावरच. शाब्बास.

सुनेपाशी आलो. बान झकास उजवीकडं. तलाठी मात्र डावीकडं वळला नि पठाराच्या वाटंला लागला. दहा पावलांवर थांबला. मी मुद्दाम उजवीकडं गेलो. आला परत, माज्या म्होरं आडवा उभा राह्यला, भुकला. पुन्ना डावीकडं.

त्याला कुटं बान वाचता येत्यात. हसू आलं.

येताना नाना भेटला.

"संप्या, डब्यातला रंग कमी कसा झाला रं?"

"उन्हानं आटला असंल."

"भादव्यात?"

मी सटकलो.

१४ सप्टें., रवि.

लिवाय बसलोय. रागानं. समदं सरळ लिवतो.

आठला गाडी आली. टो. नि सतरा जन. मी पारावर बसून दात कोरत हुतो, जसं काय मला त्यांचं घेनंदेनं न्हाई. एका पोरीनं बिस्किटाचा पुडा फोडला. झालं. तलाठी गेला. दर रविवारी हेच. हाक मारली. वळून बगितलं, तांबडं टोक वर करून हालवलं, नि गेला त्यांच्या मागं. मला तवाच राग आला. दोन बिस्किटाला इकलं जानारं बेनं.

मी वरडलो, "जा, मर तिकडंच!"

हे मी म्हनलो. हे बी लिवलं पायजे.

अकरा वाजता बंधाऱ्यावर जाऊन बसलो. हाडकं बगून किंचाळत येतील म्हून. बारा. एक. कुनी न्हाई. दोनला हसू गेलं. साडेतीनला आले, पन वरनं न्हाई, खालनं, वढ्याकडनं. चिखलात बरबटलेले. एका बाईचा हात ओढनीनं गळ्यात बांधलेला. टो. लालबुंद.

"कोणी केलं हे? मार्किंग कोणी बदललं? मी कम्प्लेंट करणार आहे!"

मी गरिबासारखं तोंड केलं. "काय झालं सर?" हे तोंड मला लई चांगलं जमतं. नागापूरच्या कंपनीत सुपरवायझरच्या हेल्मेटात ग्रीस भरलं तवा बी जमलं हुतं. दुपारपर्यंत.

मंग मी पायांकडं बगितलं. बूट, बूट, बूट. कुत्रं न्हाई.

"सर, कुत्रं कुटंय?"

"कोणतं? अरे हां. होता बरोबर. मागे राहिला. येईल हो, त्यांना वाटा माहिती असतात."

"मागं म्हंजी कुटं?"

"दादा, इथे हात मोडलाय एकीचा. कुत्र्याचं काय घेऊन बसलात?"

गाडी गेली. बिस्किटाचा कागद पाराखाली टाकून गेले.

दिस मावळंस्तवर वाट बगितली. आला न्हाई.

१५ सप्टें., सोम.

न्हाई आला.

पावसानं झोडपलंय. बाळ्या पंक्चरवाला दुकान बंद करून आला, संगं त्याचे दोन भाऊ. जीव लावनारी मानसं हायेत. बाळ्यानं इचारलं, "संप्या, ग्रुप कुटनं गेल्ता?"

ढोरखिंडीतनं, असं म्हनायचं हुतं. पन मंग तो इचारनार, तिकडं कशाला गेले? तुला कसं ठावं? बाळ्या मला पयलीपासनं वळखतो.

म्हनलो, "पठारावरनं."

दिसभर चौघं पठार पालथं घातलं. भिजत. तलाठी तितं नव्हता. मला ठावं हुतं का तितं नव्हता. बाळ्याचा एक भाऊ घसरला, गुडघा फोडून घेतला. "घावंल रं, काळजी करू नको," असं मलाच म्हनतोय.

शिव्या द्यायच्यात, पन कुनाला? टो.ला दिल्या. लई दिल्या. संपल्या.

१६ सप्टें., मंगळ.

सकाळी एकटाच ढोरखिंडीत. कुनाला न सांगता. काठी घेतली नि भाकरी, त्याच्यासाठी.

ह्या वाटंला एकटा पयल्यांदाच आलो. म्हंजी तलाठ्याबिगर. कुनी म्होरं पळत न्हाई, कुनी मागं वळून बगत न्हाई. उंटाच्या पोटाखालनं वाकलो, तिकडच्या तोंडाला कुनी बसलेलं न्हाई. राग आला त्या दगडाचा बी.

खिंडीत हाडकं, घानेरी, रानतुळस माजलेली. चिखलात बुटाचे ठसे. त्यात कुत्र्याचे. आनि ठशांवर दुसरा ठसा, मोठा, गोल, नखं न दिसनारा. बिबट्या. ताजा का शिळा ते मला कळंना. कळून घ्यायचंच नव्हतं.

"तलाठीऽऽ!" वरडलो. वढा भरून चाललाय, त्याचाच आवाज. कड्याच्या काठावर पालथा पडून खाली बगितलं. कातळाचं पोट पुढं आलंय, खालचं काय दिसत न्हाई. धा-पंधरा हाका मारल्या. भाकरी खाली टाकली. कुटं पडली दिसली न्हाई.

घरी आलो तर अन्ना म्हनला, "दोन दिस कांद्यात खुरपं न्हाई घातलं. कुत्रंच हाय ना? दुसरं आनू."

"तू दुसरं पोरगं आन."

ताट सरकावलं नि उठलो. आईनं ताट झाकून ठिवलं.

१७ सप्टें., बुध.

टो.चा नंबर त्यांच्या फ्लेक्सवर हाय. पारावरच्या. आठ वेळा फोन लावला. नवव्याला उचलला.

"दादा, मी तुम्हाला व्हिडिओची लिंक पाठवतो. त्यात तो दिसतोय बघा. लोकांना फार आवडलाय."

फार आवडलाय म्हनं.

बाळ्याच्या दुकानात बसून बगितला. बाळ्याला म्हनलं तू टायर बग, हिकडं बगू नको.

वरती लिवलंय, 'आमचा चार पायांचा लीडर'. खाली गानं. सुनेचा दगड आला. माजा बान आला, एकदम स्पष्ट. आनि तलाठी. आडवा उभा. ग्रुपच्या म्होरं, उजव्या वाटंवर, चारी पाय रोवून. भुकतोय. शुक्रवारी माज्यावर भुकला तसा. डावीकडं पळतोय, थांबतोय, परत येतोय, भुकतोय. समदे हसत्यात. टो. म्हनतो, "हा कन्फ्यूज झालाय." नि हातातल्या काठीनं त्याला बाजूला सारतो. मारत न्हाई. सारतो. जसं काय पिशवी हाय.

समदे उजवीकडं गेले. तलाठी बसला. एकटा. मंग उठला नि त्यांच्या मागं गेला.

बिस्किटासाठी न्हाई गेला. बिस्किटं तर कवाच संपली हुती. ते समदे चुकलेत हे त्या सतरा जनांत एकट्याला ठावं हुतं, म्हून गेला.

पुढं कडा. टो.नं दोर लावला, एकेक जन खाली उतरतोय. तलाठ्याला एका पोरानं सॅकमधे घालून खाली घेतलं. खाली कातळाचा कप्पा हाय, खाटंएवढा, दोन खाटा म्हना. तितं समदे टाळ्या वाजवत्यात. तितनं परत दोर, खाली वढ्यात. शेवटचं चित्र खालनं काढलंय. वर कप्प्याच्या कडंला तलाठी, खाली बगतोय. शेपटाचं तांबडं टोक हालतंय. गानं संपलं.

वर येता येत न्हाई. खाली उडी मारता येत न्हाई. तितं ठिवून आले. आनि मी काल त्याच्या डोस्क्यावर पालथा पडून हाका मारत हुतो.

कॉमेंटमधे कुनीतरी इचारलंय, 'शेपटीला लाल काय लागलंय?' टो.चं उत्तर, 'गावातलं कुंकू असेल.'

मोबाईल फेकनार हुतो. बाळ्याचा हुता म्हून न्हाई फेकला.

१८ सप्टें., गुरू.

घावला. जित्ता हाय.

समदं लिवतो. उजाडतानाच नानाकडं गेलो. नाना मेंढरं सोडत हुता. म्हनलं, "नाना, दोर पायजे. तलाठी ढोरखिंडीच्या कड्यात अडकलाय." ढोरखिंडीत का, कसा, हे त्यानं इचारलंच न्हाई. म्हनला, "रडतो काय बायकांसारखा? दोर घे, वाघूर बी घे." वाघूर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, सुताडाची, लई दांडगी. चिंधीला हाक मारली. चिंधी नानाची कुत्री, तलाठ्याची आई.

म्हातारी कुत्री, एका डोळ्यानं आंधळी, वाटंनं चालताना दम खाती. पन सुनेपाशी नाक खाली घातलं नि सरळ उजवीकडं. कड्यावर जाऊन आडवी झाली नि बारीक आवाजात कुं कुं केलं.

खालनं उत्तर आलं.

मी परवा घसा फोडला हुता. हिनं नुसतं कुं केलं. मला कुत्रीचा बी राग आला, बोला.

अंजनाच्या बुंध्याला दोर गुंडाळला, माज्या कमरंला बांधला. नाना वर. "खाली बगू नको, कातळाकडं बग. नि तोंड बंद ठेव, लई बोलतोस तू." उतरलो. कप्प्यात रांजनासारखी भोकं हायेत, त्यात पावसाचं पानी साठलेलं. तेवढ्यावर जगला चार दिस. माजी भाकरी कपारीत अडकली हुती, त्याच्यापासनं दोन हातावर. मुंग्या लागलेली.

बरगड्या मोजाव्या असा झालाय. पुढच्या पायाचा पंजा फाटलाय, वर चढायला बगितलं असनार. नखं झिजलेली. कातळावर रगताचे वरखडे.

मला वाटलं झेप घेईल अंगावर. चाटंल. न्हाई. माजा हात हुंगला. मंग माज्याकडं बगितलं. मी डोळे खाली घातले. कुत्र्याम्होरं.

वाघुरीत बांधला. नानानं वर वढला. तलाठी आवाज न करता गेला वर, जाळीत लटकून. मंग मी. वर आलो तर तो चिंधीच्या पोटाशी पडला हुता, नि नानानं त्याचं शेपूट हातात धरलं हुतं. आंगठ्यानं तांबडं टोक चोळत हुता. वास घेतला.

"रंग उन्हानं आटला, व्हय?"

एवढंच. तलाठ्याला खांद्यावर टाकलं नि चालाय लागला. सुनेपाशी बी थांबला न्हाई. त्या बानाकडं बगितलं बी न्हाई. बगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं.

१९ सप्टें., शुक्र.

फॉरेस्टचा गार्ड आला. टो.नं कम्प्लेंट केली. बाईच्या हाताचं हाड मोडलंय. गार्डनं बानावरनं नख फिरवलं, नखाकडं बगितलं. दहा-बारा जन भवती.

"पुन्याचा रंग वेगळा हाय. हा मेंढराचा रंग."

तितनं सरळ नानाच्या खोपीवर. गाव मागं. मी बी मागं.

"नाना, पर्यटक येत्यात, तुमच्या मेंढरांना चराईला अडचन व्हती. म्हनून वाट फिरवली का?"

नानानं डब्याकडं बगितलं. मेंढरांकडं बगितलं. माज्याकडं एकदा बी न्हाई.

"रंग माजाच हाय साहेब."

"बान तुमी काढले?"

"रंग माजा हाय."

"मंग सोमवारी अकराला पंचनामा. तवर एक मेंढरू फॉरेस्टात दिसलं तर जप्त करीन."

गावात उगाच कुनी गप बसला तर मी त्याला बोलता करतो. मयताला गेलो तर तितं बी माज्या तोंडाला कुलूप लागत न्हाई. आज लागलं.

लोक गेल्यावर नानाकडं गेलो. राग नानाचाच आला हुता. कुनी सांगितलं हुतं मोठं व्हायला?

"न्हाई म्हन ना सरळ!"

"रंग माजा न्हाई म्हनू? साठ ढुंगनांवर हाय."

"कुनी चोरला म्हन."

"कुनी चोरला?"

मी पायानं माती उकरली.

"मला तर काय ठावं न्हाई बाबा," नाना म्हनला नि दोरी वळाय लागला. "दसऱ्यानंतर आमी खाली कोकनात जातो. तवर मेंढरं बांधावर चारू. ज्याला सांगायचं तो सांगंल. न्हाई सांगितलं तर न्हाई."

हे असं बोलायचं म्हंजी शिवी देन्यापरीस वाईट.

२० सप्टें., शनि.

शेपूट धुतलं. साबन. रॉकेल. रिठा. चुलीतली राख नि पुन्ना साबन. जात न्हाई. चार महिने पावसात टिकावा असाच रंग करत्यात हे लोक. माजंच डोकं, दुसरा रंग मिळाला नसता का? बाळ्याच्या दुकानात चुना हुता. पन त्यांचे बान तांबडे, म्हून मला तांबडाच पायजे हुता. हुशारी.

मंग कात्री आनली. म्हनलं, टोकाचे केस कापतो. शेपूट हातात घेतलं नि तलाठी गुरगुरला.

माज्यावर. चार वर्सांत पयल्यांदा.

कात्री ठिवली. कांद्याच्या चाळीत बांधला त्याला. चाळ मोकळीच हाय, उन्हाळी कांदा इकला. दाराला गोनपाट लावला, आत दिसू नये म्हून.

अन्नानं बगितलं. "चार दिस कुत्रं कुत्रं करत जीव टाकला. आता घावलं तर कोंडतोस?"

"पायाला जखम हाय. माश्या बसत्यात."

अन्ना वाडग्यात दूध घेऊन आत गेला. बराच वेळ बाहेर आला न्हाई. गोनपाटाच्या फटीतनं बगितलं तर बाप माजा तलाठ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला, कायतरी पुटपुटत. म्हनं दुसरं आनू. हा मानूस माज्याशी कवा असा बोलला न्हाई. चीड आली नि डोळ्यात पानी बी आलं, चीड आल्यामुळं.

नानाची मेंढरं बांधाबांधानं हिंडत्यात. पाटलाच्या पोरानं हाकलली. आमच्या बांधावर आली. कांद्याचं रोप तुडवलं. मी बगत राह्यलो, हाकललं न्हाई. कुटल्या तोंडानं हाकलू?

२१ सप्टें., रवि.

उद्या घट बसत्यात. आई माती चाळतीय. मी पाराकडं गेलो ते चुकलं.

टो. आला हुता. ग्रुप न्हाई आनला, एकटाच, गाडीत पिशवी. मला बगून गळ्यात पडला. खरंच गळ्यात पडला, वास मारत हुता सेंटाचा.

"दादा, सापडला ना तो! मला कळलं. खूप वाईट वाटलं हो, आम्ही त्याला तिथे सोडायला नको होतं. चूक झाली माझी."

चूक झाली म्हनला. सरळ. समद्यांच्या म्होरं. इतकं सोपं हाय का ते? मला लई राग आला. ह्याच्यावर राग धरून तर मी दहा दिस काढले, नि हा मधेच माफी मागून मोकळा झाला. आता राग कुनावर धरू?

पुढं ऐका. तलाठ्याचा व्हिडिओ म्हनं लई लोकांनी बगितला. समदे म्हनत्यात, ह्या कुत्र्याला बरोबर वाट ठावी हुती, तुमीच ऐकलं न्हाई. म्हून त्याचा सत्कार करायचा. उद्या. अकराला. पारावर. शाल, नारळ, हार. पिशवीत शाल हुती, दावली मला. लाल काठाची, छोटी करून शिवून आनलीय, कुत्र्याच्या मापाची.

"गार्ड साहेब पंचनाम्याला येणारच आहेत, त्यांच्याच हस्ते करू. तुम्ही फक्त त्याला आंघोळ घालून आणा."

आंघोळ घालून.

सरपंचाला पटलं, समद्यांना पटलं. बाळ्या तर नाचायला लागला. माइक आननार म्हनं. मी म्हनलो त्याचा पाय बरा न्हाई. बाळ्या म्हनला, "मी उचलून आनतो."

म्हंजी उद्या अकराला पारावर एकीकडं नाना, फॉरेस्टाचा कागद नि आंगठा. दुसरीकडं तलाठी, गळ्यात हार, पाठीवर शाल, नि शालीच्या मागनं निगालेलं तांबडं शेपूट. मधे गार्ड. ज्यानं नखानं रंग वळखला तो.

आत्ताच चाळीत जाऊन आलो. उन्हाची तिरीप आत आली हुती, तलाठी त्यात पाय पसरून पडला हुता. मला बगून उठला. लंगडत माज्या पल्याड दोन पावलं दाराकडं गेला, थांबला. मागं वळून बगितलं. वाटंनं बगतो तसं. म्होरं दार. मी येतोय का बगत हुता.

मी त्याच्याजवळ बसलो. सांगितलं त्याला. समदं. बान, ऑईल, मग, पठार म्हनून खोटं बोललो ते, मर तिकडंच म्हनलो ते. तलाठ्यानं ऐकून घेतलं. शेवटी एकदा, एकदाच, शेपूट जमिनीवर आपटलं. हो म्हनला का न्हाई, कळलं न्हाई.

दाराची कडी काढलेली हाय. दोर सोडलाय. गोनपाट मात्र लावलाय अजून.

मी उद्या सांगनार हाय. साहेबाच्या म्होरं, माइक मिळाला तर माइकवर. नानाचा आंगठा पडायच्या आधी. जीभ हालली तर. न्हाई हालली तर शेपूट हालंलच.

पन तू, जो कोन ही डायरी उघडून वाचतोयस, बियान्याच्या दुकानाची हाय म्हून उघडली असशील, पाया पडतो तुज्या. आत्ता कुनाला सांगू नको. बाळ्याला नको, त्याचा भाऊ गुडघा बांधून बसलाय. आईला नको, ती माती चाळतीय. अन्नाला तर आजाबात नको, तो आत्ताच कुठं दूध पाजाय लागलाय. उद्या अकरापर्यंत. तेवढंच. तलाठी गप हाय बग, चार दिस कड्यावर राहून बी गप हाय. तू बी तेवढं गप बस, भावा.